‘ऑफ माइस अँड मेन’वर लिहायचंय? तुटलेली स्वप्नं आणि एकटेपणा यांवरचा लेख टप्प्याटप्प्याने असा तयार करा

जॉन स्टाइनबेक यांची ‘ऑफ माइस अँड मेन’ ही १९३७ सालची कादंबरिका जेमतेम शंभर पानांची आहे. जॉर्ज आणि लेनी हे दोन भटके मजूर मित्र कॅलिफोर्नियातल्या एका रँचवर, म्हणजे मोठ्या शेतावर, कामाला येतात. स्वतःची थोडी जमीन घ्यायची आणि तिथे ससे पाळायचे हे त्यांचं स्वप्न. लेनी ताकदीने अफाट आणि बुद्धीने लहान मुलासारखा. त्याच्या हातून मालकाचा मुलगा कर्ली याच्या बायकोचा नकळत जीव जातो आणि शेवटी जॉर्जच लेनीला गोळी घालतो. भाषा सोपी, पात्रं मोजकी, सगळा घटनाक्रम चार दिवसांतला. त्यामुळे तिच्यावर लिहिणंही सोपं असेल असं वाटतं आणि घोळ तिथेच होतो. परीक्षेसाठी लिहिणारे विद्यार्थी असोत की वाचनकट्ट्यासाठी टिपण करणारे हौशी वाचक, बहुतेकांचा लेख एकाच साच्यातून निघतो. ‘स्वप्नं’ या मथळ्याखाली जॉर्ज, लेनी, एक हात गमावलेला म्हातारा मजूर कँडी, तबेल्यात काम करणारा क्रुक्स, कर्लीची बायको अशी यादी येते, कोणाचं स्वप्न काय होतं आणि ते कसं मोडलं हे सांगितलं जातं. मग ‘एकटेपणा’ या मथळ्याखाली तीच यादी पुन्हा येते. अशा लेखात चुकीचं विधान एकही नसतं, तरी पुस्तक मात्र हातातून निसटलेलं असतं.

याचं कारण असं की इथे स्वप्न आणि एकटेपणा हे दोन कप्पे नाहीतच. रँचवरची एकटी माणसं स्वप्नाच्या निमित्ताने एकमेकांजवळ येतात, आणि ते स्वप्न निसटू लागलं की एकमेकांवर उलटतात. ही ये-जा पकडता आली तर लेख उभा राहतो. ती पकडायची तर तयारीचा क्रम बदलावा लागतो. पुढचे टप्पे त्याच क्रमाने घ्या.

## आधीची तयारी

मूळ पुस्तक हाताशी हवं. नुसत्या सारांशावर हे काम होणार नाही, कारण पुस्तकातलं महत्त्वाचं बरंचसं संवादांत आणि खोलीतल्या वस्तूंत आहे, आणि सारांशात नेमकं तेच गळतं. दोन रंगांच्या पेन्सिली घ्या, एक स्वप्नासाठी आणि एक एकटेपणासाठी. कादंबरिकेचे सहा भाग आहेत. त्यांना नावं नाहीत, म्हणून वहीत सहा पानं राखून वर स्वतःच आकडे घाला.

पुस्तक दोनदा वाचायचं आहे. पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. या पुस्तकावर १९३९ आणि १९९२ साली चित्रपट निघाले आहेत. ते बघायचे असतील तर दुसरं वाचन झाल्यावर बघा. आधी बघितलेत तर पडद्यावरचे चेहरे आणि प्रसंग नकळत लेखात शिरतात आणि पुस्तकाच्या नावावर खपतात.

## टप्पा १: सलग वाचा, फक्त दिवस आणि जागा टिपा

पहिल्या वाचनात कल्पना, प्रतीकं, संदेश यांच्या मागे लागू नका. प्रत्येक भाग कुठे आणि कधी घडतो एवढंच लिहा. तुमचं पान साधारण असं दिसेल:

१. गुरुवारची संध्याकाळ. कॅलिफोर्नियात सोलेदादच्या दक्षिणेला, सलिनास नदीचा डोह.
२. शुक्रवारची सकाळ. मजुरांची झोपायची खोली.
३. शुक्रवारची रात्र. तीच खोली.
४. शनिवारची रात्र. तबेल्याला लागून असलेली क्रुक्सची खोली.
५. रविवारची दुपार. चाऱ्याचं कोठार.
६. रविवारची संध्याकाळ. पुन्हा तोच डोह.

यातून एक गोष्ट लगेच दिसते. प्रत्येक भाग जागेच्या वर्णनाने सुरू होतो आणि मग जवळजवळ सगळं बोलण्यातून पुढे सरकतं. माणसं दारातून आत येतात, बोलतात, बाहेर जातात. निवेदक त्यांच्या मनात फारसा शिरत नाही. म्हणून ‘जॉर्जला मनातून वाटत होतं की…’ असं वाक्य लिहावंसं वाटलं की थांबा आणि ते कोणत्या बोलण्यातून किंवा कृतीतून कळलं हे शोधा. सापडलं नाही तर वाक्य काढून टाका.

सावधान: ‘रँच’ म्हटलं की घोड्यावर बसून गुरं हाकणारे काउबॉय डोळ्यांसमोर येतात. इथले मजूर जवाच्या पिकावर काम करतात, पोती उचलतात, खेचरांच्या गाड्या हाकतात. जॉर्ज आणि लेनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका कचेरीतून कामाची चिठ्ठी घेऊन आलेले आहेत. काउबॉयच्या मोकळ्या आयुष्याचं वर्णन लेखात आलं, तर वाचक पहिल्याच परिच्छेदात ओळखतो की पुस्तक नीट वाचलेलं नाही.

तपासणी: वही मिटून सांगून पाहा, कँडीचा कुत्रा मारला जातो तो कोणता दिवस? कर्लीचा हात चिरडला जातो तो? दोन्ही एकाच रात्रीचे प्रसंग आहेत आणि या दोहोंच्या मध्येच कँडी स्वप्नात सामील होतो. हे लक्षात नसेल तर तिसरा भाग पुन्हा वाचा.

## टप्पा २: पैशाचा हिशेब मांडा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि त्यामुळेच ‘गरीब मजुरांचं भाबडं, अशक्य स्वप्न’ असलं विधान लेखात येतं. आकडे पुस्तकात स्पष्ट दिले आहेत. ते एका पानावर उतरवा.

जमीन दहा एकर. त्यावर छोटं घर, पवनचक्की, कोंबड्यांचं खुराडं, फळझाडं. किंमत ६०० डॉलर. मालक म्हातारं जोडपं आहे, पुरतं कफल्लक झालेलं, आणि म्हातारीला शस्त्रक्रियेची गरज आहे. म्हणून ती इतक्या स्वस्तात मिळणार आहे. म्हणजे या स्वप्नाच्या मुळाशीही दुसऱ्या कोणाची तरी अडचण आहे. हे लेखात एका वाक्यात येऊ द्या, कारण जॉर्ज ते सहज बोलून जातो आणि आपणही वाचताना सहज पुढे जातो.

मजुरी महिन्याला ५० डॉलर, वर जेवण आणि झोपायला जागा. कँडीकडे कापल्या गेलेल्या हाताची भरपाई म्हणून मिळालेले २५० डॉलर आहेत, बँकेत साठवलेले ५० आहेत आणि महिनाअखेरीला आणखी ५० येणार आहेत. झाले ३५०. जॉर्ज आणि लेनी यांनी महिनाभर एक पैसाही खर्च केला नाही तर त्यांचे १००. एकूण ४५०. एवढ्यात मालकांना पटवता येईल, उरलेलं काम करून भागवू, असं जॉर्ज म्हणतो.

आता या आकड्यांकडे नीट बघा. कँडी येण्याआधी दोघांकडे मिळून दहा डॉलर होते, आणि स्वप्न म्हणजे झोपताना सांगायची गोष्ट होती. कँडी आल्यावर ते एका महिन्याच्या अंतरावर येतं. वर्षानुवर्षं पाठ केलेली गोष्ट खरी होऊ शकते हे उमगल्यावर तिघेही गप्प होतात. पुढच्या मोडण्याची वेदना इथून येते. स्वप्न अशक्य असतं तर ती इतकी जाणवली नसती.

दुसरं म्हणजे, या बेतातली सर्वांत मोठी रक्कम कँडीच्या हाताची किंमत आहे. हात शाबूत असता तर हे पैसे नसते. आणि हात नाही म्हणूनच आपल्याला लवकरच कामावरून काढतील, ही भीती त्याला पोखरते आहे. म्हातारा झालेला कुत्रा नुकताच गोळी घालून मारला गेलाय. आपल्यालाही असंच संपवलं तर बरं होईल, पण तसं कोणी करणार नाही, असं तो उघड बोलतो. स्वप्न आणि एकटेपणा एकाच माणसाच्या एकाच जखमेत कसे भेटतात, हे दाखवायला याहून चांगला प्रसंग पुस्तकात नाही.

तपासणी: तुमच्या मसुद्यात ‘अशक्य’, ‘भाबडं’, ‘दिवास्वप्न’ यांपैकी शब्द असेल तर त्याच्यासमोर ४५० आणि ६०० हे आकडे लिहा. विधान टिकत नसेल तर बदला.

## टप्पा ३: स्वप्न किती वेळा सांगितलं जातं ते शोधा

सगळ्या तयारीतला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. याला घाई करू नका. दुसरं वाचन इथे सुरू होतं. पात्रांची यादी बाजूला ठेवा आणि जमिनीची, सशांची गोष्ट जिथे जिथे निघते तिथे खूण करा. प्रत्येक ठिकाणी चार प्रश्न विचारा: कोण सांगतं, कोण ऐकतं, कोण नव्याने आत येतं, आणि बोलणं कशामुळे तुटतं?

डोहाकाठी, पहिला भाग. जॉर्ज सांगतो, लेनी ऐकतो. लेनीला ती तोंडपाठ आहे, मधले शब्द तोच भरतो. गोष्टीची सुरुवात मात्र सशांपासून होत नाही. ती होते रँचवरच्या मजुरांपासून: त्यांना घर नाही, कुटुंब नाही, महिन्याचे पैसे कमवायचे, गावात उडवायचे आणि पुन्हा दुसऱ्या रँचवर. आपण तसे नाही, कारण आपल्याला एकमेकं आहेत. म्हणजे स्वप्नाचं पहिलं वाक्यच एकटेपणाबद्दल आहे. इथे दोन्ही रंगांच्या पेन्सिली एकाच ओळीवर उमटतील, आणि तशाच उमटू द्या. हीही नोंद करा की त्याआधी थोडाच वेळ जॉर्ज लेनीवर भडकलेला असतो. तू नसतास तर मी किती सुखात राहिलो असतो, असं त्याला ऐकवतो. गोष्ट सांगणं हे त्या भडकण्यानंतरचं सांत्वनही आहे.

मजुरांच्या खोलीत, तिसरा भाग. सांगणारा जॉर्ज, ऐकणारा लेनी, आणि पलंगावर पडून ऐकणारा कँडी. तो बोलतो तेव्हा दोघेही दचकतात, काही गैर करताना पकडले गेल्यासारखे. गोष्ट पहिल्यांदाच तिसऱ्या माणसाच्या कानावर गेली आहे आणि ती पहिल्यांदाच बेत बनते. हे बोलणं तुटतं ते इतर मजूर आणि कर्ली आत आल्यावर. पुढे एक बारीक तपशील आहे, तो हमखास निसटतो. लेनी अजून त्या जमिनीच्या आठवणीने हसत असतो. आधीच डिवचला गेलेला कर्ली ते हसू आपल्यावर आहे असं समजतो आणि त्याच्यावर तुटून पडतो. मारामारीला निमित्त स्वप्नाचंच झालं.

क्रुक्सच्या खोलीत, चौथा भाग. कोणाला सांगू नका असं जॉर्जने बजावलेलं असूनही लेनी बोलून जातो. क्रुक्स आधी विश्वास ठेवत नाही. पाठीवर बोचकं आणि डोक्यात जमिनीचा तुकडा घेऊन आलेली शेकडो माणसं त्याने पाहिली आहेत आणि कोणालाही जमीन मिळालेली नाही. मग कँडी पैशाचं सांगतो आणि क्रुक्स विरघळतो. पगार नको, नुसतं जेवण द्या, मीही येऊन राबेन, असं म्हणतो. त्याच क्षणी दारात कर्लीची बायको उभी राहते. थोड्याच वेळात ती क्रुक्सला, मनात आणलं तर तुला झाडाला लटकवायला लावीन, अशी धमकी देते. तो भिंतीला चिकटतो, आक्रसतो. ती गेल्यावर तो कँडीला सांगतो, मी म्हणालो ते विसरून जा.

कोठारात, पाचवा भाग. इथे दोन तुकडे आहेत. पहिल्यात लेनी सशांबद्दल बोलतो आणि कर्लीची बायको सिनेमात जायच्या हुकलेल्या संधीबद्दल. दोघंही भरभरून बोलतात, पण एकमेकांचं ऐकत कोणीच नाही. दुसऱ्या तुकड्यात ती मरून पडली आहे आणि कँडी जॉर्जला विचारतो, आता ते सगळं संपलं का? जॉर्ज उत्तरात म्हणतो की मला पहिल्यापासून आतून माहीत होतं, पण लेनीला ऐकायला इतकं आवडायचं की मलाही खरं वाटू लागलं. आता महिनाभर काम करीन, ५० डॉलर घेईन आणि गावात जाऊन उडवीन, असंही तो सांगतो. पहिल्या भागात ज्या मजुरांचं वर्णन करून ‘आपण तसे नाही’ म्हणाला होता, त्यांच्यातला एक तो स्वतः होतो.

पुन्हा डोहाकाठी, सहावा भाग. जॉर्ज सांगतो, लेनी ऐकतो. या खेपेला जॉर्ज त्याला नदीपलीकडे बघायला लावतो आणि सांगता सांगता मागून गोळी झाडतो.

वहीत हे पाचही प्रसंग एकाखाली एक लिहिलेत की आकार आपोआप दिसतो. ऐकणाऱ्यांचं वर्तुळ दोघांचं तिघांचं होतं, क्षणभर चौघांचं होतं, आणि मग झपाट्याने आकसत शेवटी एकटा जॉर्ज उरतो. तुमच्या लेखाचा कणा हाच ठेवा.

सावधान: प्रत्येक वेळी वर्तुळ तोडणारी व्यक्ती ‘खलनायक’ आहे असं ठरवून टाकू नका. कर्लीची बायको क्रुक्सच्या दारात येते तीही एकटी आहे म्हणूनच. पुढचा टप्पा याचसाठी आहे.

## टप्पा ४: कोण कशामुळे एकटा आहे, ते वेगळं काढा

‘सगळेच एकटे आहेत’ हे विधान खरं असलं तरी लेखात निरुपयोगी आहे. प्रत्येकाच्या एकटेपणाचं कारण वेगळं आणि त्याचा पुरावाही वेगळ्या जागी आहे.

क्रुक्सचा एकटेपणा इतरांनी ठरवलेला आहे. तो कृष्णवर्णीय असल्यामुळे त्याला मजुरांच्या खोलीत प्रवेश नाही. घोड्याने लाथ मारून पाठ वाकवलेली. त्याच्या खोलीतल्या वस्तू बघा: फाटका शब्दकोश, चष्मा, गजराचं घड्याळ, आणि कॅलिफोर्नियाच्या १९०५ च्या दिवाणी संहितेची जीर्ण प्रत. हक्क कागदावर काय आहेत हे वाचलेला माणूस हक्काशिवाय जगतो आहे. याच क्रुक्सने लेनीला आधी छळलेलंही आहे. जॉर्ज परत आलाच नाही तर काय, असं विचारून तो त्याला घाबरवतो आणि त्यात त्याला मजा वाटते. हा तपशील गाळू नका. एकटेपणाने माणूस हळवा होतो एवढंच हे पुस्तक सांगत नाही, तो क्रूरही होतो हे दाखवतं.

कर्लीच्या बायकोला पुस्तकात नाव नाही. रँचवर ती एकटीच बाई आहे. कोणाशी बोलायला गेली की नवऱ्याला ते चालत नाही आणि मजूर तिला टाळतात, कारण तिच्याशी बोलणं म्हणजे नोकरीवर गदा. हॉलिवुडहून यायचं पत्र आईने लपवलं असं ती मानते, आणि त्याच रागात कर्लीशी लग्न करते. तिच्याबाबत दोन टोकाच्या चुका होतात. एका बाजूला तिला ‘भुरळ घालणारी बाई’ ठरवतात, म्हणजे मजुरांची मतं लेखकाचं मत म्हणून उचलतात. दुसऱ्या बाजूला तिला निव्वळ बिचारी करतात आणि क्रुक्सला दिलेली धमकी विसरतात. दोन्ही एकत्र धरा: तिच्याकडे सत्ता कसलीच नाही, फक्त क्रुक्सवर गाजवता येईल तेवढीच आहे, आणि ती तेवढी पुरेपूर वापरते.

कँडीबद्दल वर आलंच आहे. विट हा दुय्यम मजूर मात्र बघायला विसरू नका. तो एका जुन्या मासिकात छापलेलं वाचकाचं पत्र सगळ्यांना दाखवतो, कारण ते पत्र पूर्वी याच रँचवर काम केलेल्या एका मजुराचं आहे. माणूस निघून गेला, मागे छापील पत्र राहिलं, आणि तेवढ्याचंही अप्रूप आहे. परीक्षेच्या उत्तरात हा प्रसंग क्वचितच दिसतो. तीन ओळींत मांडलात तरी वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही पुस्तक जवळून वाचलं आहे.

आणि जॉर्ज. त्याला सोबती आहे, तरी पत्त्यांचा एकट्याने लावायचा डाव मांडून तो पुन्हा पुन्हा बसतो. रँचच्या मालकालाही ही जोडी संशयास्पद वाटते, दुसऱ्यासाठी इतका त्रास घेणारा माणूस त्याने पाहिलेला नाही. लेनीची मजुरी तू हडपतोस का, असा त्याचा रोख असतो. या जगात मैत्रीचंच स्पष्टीकरण द्यावं लागतं.

तपासणी: प्रत्येक पात्रासमोर कारण एका शब्दात लिहा: वर्ण, वय, अपंगत्व, लिंग, भटकं काम. दोन पात्रांसमोर नेमकं तेच कारण आलं असेल तर पुन्हा वाचा.

## टप्पा ५: कुत्रा आणि लेनी, हे दोन प्रसंग शेजारी ठेवा

कँडीचा कुत्रा मारणाऱ्या कार्लसन या मजुराचं पिस्तूल, मानेच्या वर डोक्यामागे झाडलेली गोळी, आणि ‘त्याला कळणारही नाही’ ही समजूत. दोन्ही मृत्यूंचं साम्य सगळे टिपतात. फरक मात्र थोडेच टिपतात. आपला कुत्रा आपणच मारायला हवा होता, परक्याच्या हातात द्यायला नको होता, असं कँडी तिसऱ्या भागात जॉर्जला सांगतो. सहाव्या भागात जॉर्ज पिस्तूल दुसऱ्याच्या हातात जाऊ देत नाही.

गोळी झाडल्यावर इतर जण पोहोचतात. पिस्तूल लेनीकडेच होतं आणि आपण ते हिसकावलं, हा कार्लसनचा अंदाज जॉर्ज होकार देऊन खरा ठरू देतो. खरं काय घडलं हे बहुधा स्लिम हा एकटा मजूर ओळखतो. हा लहानसा होकार तुमच्या विषयाच्या दृष्टीने मोठा आहे. त्याने केलेली सर्वांत अवघड गोष्ट तो कोणाला सांगू शकत नाही.

सावधान: ‘जॉर्जने लेनीची दयेपोटी हत्या केली’ हे निःसंशय सत्य म्हणून मांडू नका. पुस्तक निवाडा करत नाही. तुम्ही करा, पण पुराव्यासह आणि ‘माझ्या वाचनानुसार’ अशा जबाबदारीने.

## टप्पा ६: पार्श्वभूमी मोजून वापरा

१९२९ ची मंदी, बेरोजगारी, भटके मजूर यांवर दीड पान लिहून मग पुस्तकाकडे वळणं ही सवय सोडा. पार्श्वभूमी त्या त्या प्रसंगाला चिकटवा, तीही दोन वाक्यांत. उदाहरणार्थ, कँडीची भीती सांगताना हे जोडा की अमेरिकेच्या १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातल्या वृद्धापकाळाच्या लाभांतून शेतमजूर वगळलेले होते. मग कँडीसारख्याला म्हातारपणी आधार म्हणून काय उरतं, हे वाचकाला लगेच कळतं. क्रुक्सला दिलेली धमकी सांगताना लिहा की जमावाने कृष्णवर्णीयांना फासावर लटकवणं त्या काळच्या अमेरिकेत प्रत्यक्ष घडत होतं. ती धमकी पोकळ नव्हती.

मराठीत लिहिणाऱ्यांना इथे ऊसतोड मजुरांशी तुलना करण्याचा मोह होतो. तुलना करायला हरकत नाही, पण साम्यावर थांबू नका. आपल्याकडचा ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन, बहुतेकदा नवरा-बायकोच्या जोडीने, मुलाबाळांसह फडावर जातो. त्याचं दुःख कर्जाचं आणि विस्थापनाचं आहे. स्टाइनबेक यांचा मजूर एकटा येतो, एकटा जातो, आणि त्याच्यावर कर्ज नसलं तरी मागे वाट पाहणारंही कोणी नाही. क्रुक्सच्या वेगळ्या खोलीवरून आपल्याला गावकुसाबाहेरची वस्ती आठवते, तीही आठवण खरी आहे. पण वर्णभेद आणि जातिभेद एकच असल्यासारखं लिहू नका. आधी क्रुक्सची खोली दाखवा, मग एका वाक्यात आठवण नोंदवा.

## टप्पा ७: मुद्द्याचं वाक्य आणि आराखडा

आता लिहायला बसा. आधी एकच वाक्य लिहा, ज्याच्याशी कोणी वाद घालू शकेल असं.

कच्चं वाक्य: ‘या कादंबरिकेत लेखकाने मजुरांची तुटलेली स्वप्नं आणि एकटेपणा प्रभावीपणे दाखवला आहे.’ याच्याशी वाद कोण घालणार?

पक्कं वाक्य: ‘जमिनीचं स्वप्न या मजुरांना जमिनीपेक्षा सोबत देतं, म्हणूनच पैसे जवळ असूनही लेनी गेल्यावर जॉर्ज ते सोडून देतो.’ हे वाक्य पुराव्याने सिद्ध करावं लागेल, आणि टप्पा २ मधला हिशेब इथे कामाला येतो. कँडीचे ३५० डॉलर पाचव्या भागातही तसेच आहेत. जमीनही विकाऊ आहे. कँडी तर जवळजवळ विनवतो. तरी जॉर्ज नाही म्हणतो.

आराखडा पात्रांप्रमाणे करू नका, सांगण्याच्या पाच प्रसंगांप्रमाणे करा. पात्रं त्या त्या प्रसंगात आपसूक येतील. सगळ्या प्रसंगांना सारखी जागा द्यायचीही गरज नाही. माझ्या मते चौथ्या भागाला सर्वाधिक जागा द्यावी, कारण सर्वांत दुबळे म्हणून मागे राहिलेले लोक तिथे एका खोलीत येतात, त्यांचं काही क्षण जमतं आणि मग ते एकमेकांनाच जखमी करतात.

एका परिच्छेदाचा नमुना बघा:

‘क्रुक्स पगार न घेता राबायला तयार होतो, तेव्हा तो जमीन मागत नाही. दहा एकरांची जमीन त्याच्या वडिलांकडेही होती. ती काय असते हे त्याला ठाऊक आहे. तो मागतो ती इतरांबरोबर राहण्याची परवानगी. धमकीनंतर तो शब्द मागे घेतो आणि भाग संपतो तेव्हा सुरुवातीसारखाच एकटा बसून पाठीला औषध चोळू लागतो. त्याचं स्वप्न काही मिनिटंच टिकलं, पण त्या मिनिटांत तो इतका काळ टाळत आलेली आशा धरून बसला होता.’

यात कथानक सांगितलेलं नाही, तरी प्रसंग समजतो. प्रत्येक विधानामागे पुस्तकातली एक गोष्ट आहे.

## टप्पा ८: लिहिताना होणाऱ्या चुका

अवतरणं छोटी ठेवा, चार-पाच शब्दांची. मूळ संवाद बोलीभाषेत आहेत. मराठीत सांगताना त्यांना वऱ्हाडी किंवा मालवणी बोलायला लावू नका, माणसं लगेच दुसऱ्याच गावची होतात. साध्या बोलण्यातल्या मराठीत आशय सांगा.

क्रुक्ससाठी पुस्तकात वारंवार येणारी वंशद्वेषी शिवी लेखात जशीच्या तशी उतरवू नका. तिची सर्रास सवय दाखवायची असेल तर ‘त्याचा उल्लेख सहजपणे शिवीने केला जातो, त्यात कोणाला वावगं वाटत नाही’ एवढं पुरेसं आहे.

लेनीबद्दल ‘वेडा’ हा शब्द टाळा. तो विसरतो, घाबरला की हातातली वस्तू घट्ट धरून ठेवतो, आणि ताकदीचा अंदाज त्याला येत नाही. उंदीर, पिल्लू, कर्लीची बायको असा वाढत जाणारा क्रम नोंदवा. वीड गावातल्या मुलीच्या लाल पोशाखाचा प्रसंगही त्याच क्रमात बसतो. शेवट अचानक आलेला नाही हे त्यातून दिसतं.

‘लेखकाला सांगायचं आहे की…’ हे शब्द शोधून खोडा. पुस्तकात काय घडतं ते सांगा आणि त्यावरून तुम्हाला काय वाटतं ते सांगा.

## टप्पा ९: देण्याआधी एकदा

लेख एक दिवस बाजूला ठेवून मोठ्याने वाचा. परीक्षेत असाल तर शेवटची पाच मिनिटं यासाठी राखा. मग हे प्रश्न विचारा:

सलग तीन वाक्यं नुसतं कथानक सांगणारी आहेत का? असतील तर दोन काढा.

पैशाचा एकतरी आकडा लेखात आहे का?

कर्लीची बायको फक्त मेल्यावरच आठवली आहे का?

स्लिमचा उल्लेख कुठे आहे? माणसं एकमेकांसोबत का फिरत नाहीत, बहुधा सगळ्या जगालाच एकमेकांची भीती वाटत असावी, हा विचार तोच बोलतो. रँचवरचा सर्वांत मान असलेला माणूस हे म्हणतो, म्हणून त्याला वजन आहे.

आणि तुमचा शेवट कुठे होतो ते बघा. बहुतेक लेख गोळीच्या आवाजापाशी थांबतात. पुस्तक तिथे थांबत नाही. स्लिम जॉर्जला घेऊन चालू लागतो आणि मागे उभा असलेला कार्लसन, या दोघांना एवढं काय झालंय, असं विचारतो. ते पुस्तकातलं शेवटचं वाक्य आहे. कार्लसनला ते का कळत नाही, याचं उत्तर तुमच्या आधीच्या परिच्छेदांतून मिळत असेल तर लेख देऊन टाका. मिळत नसेल तर टप्पा ३ च्या वहीकडे परत जा आणि कार्लसन पाचांपैकी कोणत्या प्रसंगात ऐकणाऱ्यांमध्ये होता ते शोधा.